गाण्याला गाळा हवा

महात्मा फुले मंडईत सकाळी भाजीला गेलेला पुणेकर पिशवीत भाजीबरोबर चार मतेही घालून परततो. या जागेला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणण्याची रीत पडली ती त्यामुळेच. विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला आणि दुसऱ्याच दिवशी कोथरूडमध्ये दिलजीत दोसांझ यांचा संगीताचा जलसा झाला. निवडणुकीवर पुष्कळ लिहून झाले. जलशाची चर्चा मात्र मद्याच्या परवान्यापाशी अडली आणि तेथेच विरली. वस्तुतः महत्त्वाचा प्रश्न त्याच्या पलीकडे होता.

परदेशांतील मोठी क्रीडागारे गाजवून आलेल्या या पंजाबी गायकाने २६ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीहून स्वदेशातील दौरा सुरू केला. जयपूर, हैदराबाद, अहमदाबाद, लखनौ, पुणे, कोलकाता अशा मजला मारीत तो वर्षाच्या अखेरच्या दिवशी लुधियानात संपला. आपल्या वाद्यवृंदासह देशभर गावोगाव फिरून हजारोंची गर्दी जमविणे ही गोष्ट आजवर पाश्चात्त्य रॉक मंडळींचीच समजली जाई. ती एका देशी कलावंताने करून दाखविली, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु जेथे मुक्काम, तेथे तंटा, असा या दौऱ्याचा क्रम राहिला. दिल्लीत जवाहरलाल नेहरू क्रीडागाराच्या धावपट्टीची व परिसराची झालेली दुर्दशा पाहून तेथे सराव करणारे खेळाडू संतापले. हैदराबादेत मद्याचा गौरव करणारी गाणी गाऊ नयेत अशी नोटीस निघाली. पुण्यात स्थानिक लोकप्रतिनिधींच्या विरोधानंतर मद्यविक्रीची परवानगी रद्द झाली. कार्यक्रम त्यावाचूनही पार पडला. चंडीगडचे प्रकरण तर उच्च न्यायालयात गेले आणि आवाजाला ७५ डेसिबलची मर्यादा घालण्यात आली. त्याच चंडीगडच्या रंगमंचावरून, सोयी सुधारेपर्यंत आपण येथे कार्यक्रम करणार नाही, असे गायकाने बोलून दाखविले. हे विधान चंडीगडच्या जागेपुरतेच होते, असा खुलासा त्यांनी मागाहून केला.

हे तंटे वरवर निरनिराळे दिसतात. मद्याचा आणि गीतांतील शब्दांचा वाद बाजूला ठेवला, तर बाकीच्यांचे मूळ एकच आहे. मोठ्या जलशाला आपल्या शहरांत स्वतःची जागा नाही. म्हणून तो कधी खेळाडूंचे मैदान, कधी वस्तीजवळची खासगी मोकळी जमीन उसनी घेतो. ज्याची जागा वा ज्याची झोप उसनी घेतली जाते तो चिडतो, आणि त्याचे चिडणे गैर नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावू देत नाहीत; वर्षातील मोजक्या दिवशीच राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. या नियमांनी संगीत मारले, अशी ओरड अधूनमधून होते. १९५३ साली सुरू झालेला आणि एके काळी रात्र रात्र चालणारा सवाई गंधर्व महोत्सव हे तिला उत्तर आहे. त्याने घड्याळाची शिस्त पत्करली आणि तरीही तो टिकला. याउलट मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात देशी रॉक वाद्यवृंदांचे ‘इंडिपेंडन्स रॉक’ वर्षानुवर्षे भरत असे. शेजारी रुग्णालय असल्याने तेथील ध्वनिवर्धक थांबले, हे योग्यच झाले. परंतु विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे तसे दुसरे रंगभवन उभे राहिले नाही. चूक नियमाची नव्हती, पर्याय न देणाऱ्यांची होती.

येथे पुणेकरांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक मंडईतील लोकमान्यांच्या पुतळ्यापासून निघते. तिला तिकीट नाही, हे तिचे मोठेपण. पण भोवतालच्या पेठांतील वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले तिचे मोल कानांनी मोजतात. कोथरूडच्या जलशाला डेसिबलचा जो काटा लावायचा, तोच आपल्या उत्सवांना लावण्याची तयारी नसेल, तर आपला आक्षेप आवाजाला नसून परक्या सुरांना आहे, असेच म्हणावे लागेल.

आता ‘जलशांचे अर्थकारण’ हा परवलीचा शब्द झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या अहमदाबादच्या कार्यक्रमांना लाखाहून अधिक श्रोते लोटले आणि त्यानंतर भुवनेश्वर येथे पंतप्रधानांनीही या क्षेत्रातील संधींचा उल्लेख केला. उद्या हॉटेलांच्या आणि विमानांच्या हिशेबावर सार्वजनिक पैशातून टोलेजंग प्रेक्षागारे उभारण्याची टूम निघेल. तेव्हा मंडईचा इतिहास आठवावा. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा बाजार छपराखाली आणण्यासाठी ही इमारत बांधली गेली व १८८६ साली खुली झाली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता; तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही: खर्च सर्वांचा, पण आत जाणार कोण?

म्हणून मागणी प्रेक्षागाराच्या महालाची नको. रुग्णालये व शाळांपासून दूर असे एक कायमचे सार्वजनिक मैदान पुरे. तेथे स्वच्छतागृहे असावीत, बाहेर पडण्याच्या वाटा रुंद असाव्यात, आवाजाची नोंद सर्वांना दिसावी आणि सफाईसाठी आयोजकांकडून अनामत घ्यावी. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखालून मेट्रो धावू लागली. कार्यक्रम सुटल्यावर परतीची गाडी मिळेल, अशी आखणी अशक्य नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. जागा सार्वजनिक असेल तर काही हिस्सा तिकिटे त्या दरात ठेवण्याची अट घालता येईल. ज्या कारकुनाच्या मुलाला हजारोंचे तिकीट झेपत नाही, त्यालाही एखाद्या संध्याकाळी आपल्या आवडीचे गाणे समोर बसून ऐकण्याचा हक्क आहे.

भाजीवाल्याला गाळा मिळाला, तेव्हा रोज सकाळी जागेसाठी भांडण्याची पाळी सरली. गाण्यालाही असाच गाळा हवा आहे.