मान पहिल्याला, कारभार शेवटच्याकडे

डेन्मार्कला नव्याने गेलेल्या मराठी माणसाला थंडीइतकीच धास्ती बसते ती तिथल्या शब्दांच्या लांबीची. हौशी मंडळी एक शब्द हमखास पुढे करतात, तो तब्बल ५१ रोमन अक्षरांचा! पण तो फोडून पाहिला की ‘तज्ज्ञ डॉक्टर - व्यवसाय - नियोजन - स्थिरीकरण - कालावधी’ अशी पाच पदे ओळीने उभी राहतात. क्रमही आपलाच. शाळेत तत्पुरुष समास सोडवलेल्याने घाबरावे असे त्यात काही नाही.

खरी मेख आहे ती उच्चारात. डॅनिश जोडशब्दात मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर पडतो, मागच्या पदांवर दुय्यम. अर्थाचा कारभार मात्र शेवटचे पद पाहते. ‘लामेलॉर’ एका दमात, पहिल्या पदावर जोर देऊन म्हटले तर कोकराची तंगडी. ‘लामे’ आणि ‘लॉर’ वेगळे करून दोन्हींवर सारखा जोर दिला, तर लुळ्या मांड्या! ‘डान्स्कलेरर’ म्हणजे डॅनिश शिकवणारा; तेच दोन शब्द केले की डॅनिश वंशाचा शिक्षक. (अपवाद आहेतच. खुद्द कोपनहेगनच्या डॅनिश नावात, ‘कोबनहाउन’मध्ये, जोर शेवटावर.)

शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा तोही पदांच्या सांध्यावर. ‘ब्येर्ग-एतापे’ म्हणजे सायकल शर्यतीतला डोंगरी टप्पा. एकच अक्षर पुढे सरकून तोडला, तर होते डोंगरांची चिकटपट्टी. भाषेने कधीकधी सांध्यावर खूणही ठेवली आहे. ‘विनग्लास’ म्हणजे वाइनचा पेला. पण तांबड्या वाइनचा पेला म्हणायचा तर मध्ये ‘स’ येतो, ‘रोधविन्सग्लास’. ‘तांबडी वाइन’ ही जोडी आधीची, पेला नंतरचा, हे तो ‘स’ सांगतो.

अलीकडे मात्र इंग्रजीच्या वळणाने जोडशब्द सुटे लिहिण्याची सवय तिथे वाढल्याची तक्रार ऐकू येते. कोणी म्हणेल, अर्थ कळल्याशी कारण! मला हे पटत नाही. १९५५ साली स्थापन झालेले डॅनिश भाषा मंडळ अधिकृत शुद्धलेखन कोश काढते. पण हा नियम कोशात येण्याआधी कानात असतो. जिथे मुख्य आघात एक, तिथे शब्द एक. तो सुटा लिहिणारा नियम मोडतो त्याहून जास्त स्वतःचे बोलणे ऐकायचे सोडतो.

तिथे नागरिकत्व हवे तर डॅनिशची परीक्षा द्यावी लागते. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला माणूस प्रत्येक पदावर सारखाच जोर देतो आणि शब्द अचूक असूनही समोरचा गोंधळतो. अशाला नुसती शब्दांची यादी पाठ करायला लावणे हा अन्याय आहे. आधी सांधा दाखवावा, मग आघात ऐकवावा. स्पेलिंग मागाहून येईल.

आणि आपण? ‘मोठेपण’ आणि ‘मोठे, पण’ यांतले अंतर आपण तरी मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो का?