तीन ईद, एकच माप

आमच्या काटोलात ईदच्या आधीचे पंधरा दिवस शिलाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षी रमजानमध्ये मी कुर्त्याचं माप द्यायला गेलो, तेव्हा टेलर चाचा मापाची वही उघडून विचारात बसले होते. मला जवळ बोलावून त्यांनी दोन पानं दाखवली. मोहल्ल्यातल्या एका मुलीची दोन वर्षांची मापं होती. "देखो बेटा, उंची तीच, बाही तीच. कमर तेवढी थोडी वाढली." मी वहीवर नजर टाकली आणि म्हणालो, "चाचा, काही मुलं उशिरा वाढतात."

यंदा चाचांनी तीच वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली. तीन ईद, एकच माप.

मुलगी अकरा वर्षांची. वडील ऑटो चालवतात, आई हंगामात संत्र्याच्या प्रतवारीच्या कामाला जाते. पाठची बहीण तिच्यापेक्षा उंच झाली होती. ईद झाल्यावर आम्ही तिला नागपूरला सरकारी रुग्णालयात नेलं. रक्ताच्या तपासणीत कळलं की तिची थायरॉइड ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवतच नाही. उपचार काय? रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही. गोळी स्वस्त आहे. डॉक्टरांनी आईला सांगितलं, मुलगी आता वाढेल, पण गेलेली वर्षं सगळी भरून निघतीलच असं नाही. त्यातलं एक वर्ष माझ्या त्या एका वाक्यामुळे गेलं. हा अग्रलेख मी त्या वर्षाची कबुली म्हणून लिहितो आहे.

मला जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. ही मुलगी थकलेली असायची, उन्हातही तिला थंडी वाजायची, खेळायला जायची नाही, कोपऱ्यात बसून राहायची. आम्ही सगळे काय म्हणायचो? "किती शांत, किती गुणी मुलगी!" थायरॉइड कमी असल्याचीच ती लक्षणं होती. मुलगा असा बसून राहिला असता तर घरच्यांनी महिन्याभरात डॉक्टर गाठला असता. मुलाची उंची आपण भिंतीवर रेघा मारून मोजतो. मुलीच्या उंचीची आठवण रिश्ता बघायला पाहुणे येतात तेव्हा होते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

उशीर म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. वयात येण्याचा काळ संपत आला की त्या मिटतात, मुलींच्या मुलांपेक्षा लवकर. एकदा त्या मिटल्या की कोणतंही औषध उंची वाढवू शकत नाही. बाजारात "उंची वाढवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी तर मुळीच नाही. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वर्षभरात ४ सेंटिमीटरही भर पडली नाही, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं. कारण दर वेळी हार्मोनच असेल असं नाही. कुपोषण असेल, आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम असेल. काही मुलं खरोखरच उशिरा वाढतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी द्यायचा असतो. मी द्यायला नको होता.

नवजात बाळाच्या बाबतीत तर हिशेब वर्षांचा नाही, दिवसांचा आहे. जन्मतः थायरॉइड नसलेलं बाळ दिसायला बहुतेक वेळा ठीकठाक असतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी केली आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल इतरांसारखंच शिकतं. महिने गेले तर मेंदूचं झालेलं नुकसान परत येत नाही. म्हणून आपल्या घरात बाळ जन्मलं की रुग्णालयात विचारा: थायरॉइडसाठी टाचेची तपासणी झाली का? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

इन्सुलिन हेही हार्मोनच. मुलांचा मधुमेह, ज्याला टाइप १ म्हणतात, तो जास्त मिठाई खाल्ल्याने होत नाही आणि कोणाची नजर लागूनही होत नाही. शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं. मुलाला फार तहान लागते, वारंवार लघवी होते, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येते, वजन झपाट्याने उतरतं. १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे मृत्यूच होता. आज शंभर वर्षांनंतरही ज्या घरात इन्सुलिन बंद पडतं, तिथे १९२२ च्या आधीचाच काळ चालू असतो.

याबाबत आपल्याला दूर बघायची गरज नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला, गरीब घरांतल्या टाइप १ च्या मुलांना मोफत इन्सुलिन मिळावं म्हणून. काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. तरीही आपल्याकडची कितीतरी कुटुंबं महिन्याच्या शेवटी डोस निम्मा करून दिवस काढतात, कारण कुठे जायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ च्या घरात जातो आणि घरात फ्रिज नसतो. अशा वेळी मातीची दोन मडकी कामाला येतात: मोठ्यात लहान मडकं, दोघांच्या मध्ये ओली वाळू, आतल्या मडक्यात बंद डबीत इन्सुलिनची बाटली, वर ओलं फडकं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. आणखी एक शंका मला तरुणांनीच कितीदा विचारली आहे: इन्सुलिन डुकराचं असतं ना? एके काळी ते गाई-डुकरांच्या ग्रंथींपासून काढत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणूंच्या किंवा यीस्टच्या मदतीने तयार होऊ लागलं, आणि आज दुकानात मिळतं ते बहुतेक असंच. या शंकेपायी एकाही मुलाची सुई चुकता कामा नये.

रमजानचंही बोलायला हवं. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, हे मदरशातलं लहान मूलसुद्धा सांगेल. तरी टाइप १ चं मूल रोजाकुशाईच्या वयाला आलं की घरात ताण सुरू होतो. शेजारच्या मुलाला हार-फुलं मिळतात, याला काहीच नाही. मग ते मूल गुपचूप रोजा ठेवतं, आणि दुपारपर्यंत रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाते. त्या मुलालाही एक दिवस नवे कपडे द्या, हार घाला, इफ्तारला मधोमध बसवा. वर्षभर रोज सुया सोसणाऱ्या मुलाच्या सब्राची कदर आपण एक दिवसही करू शकत नाही का?

मित्रांनो, या कुटुंबांना आपल्याकडून दया नको आहे. आपण करू शकू अशी कामं आहेत.

पहिलं काम मोजण्याचं. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजन-उंची होते. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. या शाळांबाहेरची मुलं, फक्त मदरशात शिकणारी मुलं सुटून जातात. एक टेप, एक सपाट भिंत आणि एक वही घ्या. चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, दर वर्षी त्याच महिन्यात मोजा.

दुसरं काम सोबतीचं. गोळी स्वस्त असली तरी नागपूरची प्रत्येक फेरी म्हणजे एक मजुरी बुडाली. आई एकटी असेल तर खिडकीवरचा कागद कोण वाचणार? महिन्यातून एक दिवस तुम्ही तिच्याबरोबर रांगेत उभे राहा. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं मात्र खरोखर महाग आहेत. अशा काही आजारांना २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात जागा आहे, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्याचं एक केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रौढ वयात १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची ठेवणारा बुटकेपणाचा आजारही धरला आहे. हे कागद भरणं तुम्हाला जमतं, तिला जमेलच असं नाही.

तिसरं काम पैशाचं. जकात आपण बहुतेक रमजानमध्ये काढून मोकळे होतो. इन्सुलिन बाराही महिने लागतं. गरजू घर ठरवा आणि त्याचा वर्षाचा खर्च दर महिन्याला पोहोचेल असं बघा.

चौथं काम जिभेचं, आणि तेच सर्वांत अवघड. नागपूरहून परतताना त्या मुलीची आई मला म्हणाली, "भाई, गोळीचं कोणाला सांगू नका. पुढे रिश्ता होणार नाही." औषधाची डबी ती आजही पिठाच्या पिंपामागे ठेवते. पाहुणे आले की सकाळची गोळी चुकते. तिला ही भीती आपणच घातली आहे. तिचं घर ओळखू येईल असं मी इथे काही लिहिलेलं नाही, पण तिला लपवावं लागतं हे मात्र लिहितोच. गोळी घेणारी मुलगी शिकू शकते, संसार करू शकते, आई होऊ शकते, हे आपण चारचौघांत, लग्नाच्या बैठकीत, मोठ्याने बोलायला लागू तेव्हा ती डबी पिंपामागून बाहेर येईल.

परवा चाचांच्या दुकानात गेलो होतो. गोळी सुरू होऊन सहा महिने झालेत. वहीत तिच्या नावापुढे नवा आकडा होता, दीड इंच जास्त. चाचा म्हणाले, मुलगी दुकानात आली होती, आणि माप घेताना एक मिनिट स्वस्थ उभी राहिली नाही.