पापडाला कर्ज, आजाऱ्याच्या शुश्रूषेला नाही



बचत गटांना कर्जवाटपाची बातमी या आठवड्यात पुन्हा वाचली. व्यवसाय तेच : पापड, लोणची, शेळ्या, शिलाई मशीन. जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगीच्या बाजारात एवढे पापड घेणार कोण?

दिवाळी सरली की या भागातली कर्ती माणसे ऊसतोडीला जातात, शिकलेली पोरे पुण्याला. मागे उरतात म्हातारी माणसे. कुणाची एक बाजू लुळी पडलेली, कुणाच्या पाठीला अंथरुणात पडून जखमा झालेल्या. त्यांना अंघोळ घालणे, जखम धुणे, वेळेवर गोळी देणे, दवाखान्यात नेणे ही कामे पैसे मोजूनही करून मिळत नाहीत. मुलगा पैसे पाठवायला तयार असतो, करणारे माणूस नसते. गावात बायकांच्या हाताला काम नाही आणि या कामासाठी गटाला ना कर्ज, ना प्रशिक्षण. आमच्याकडच्या एका गटाने बँकेत हा विषय काढला, तर पहिला प्रश्न आला, "माल काय विकणार?" सेवा हा व्यवसाय नाही, हे कुणी ठरवले?

अडाणी बायकांना हे जमणार नाही, ही सबब तर महाराष्ट्रात कुणी सांगूच नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने शिकवलेल्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळे वाचवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावरचा अभ्यास छापला. मग जालन्याच्याच बायका कुठे कमी पडतात? गरजही मोठी आहे : २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती, त्यातले ८० टक्के लोक खेड्यांतले. म्हणून गटांना कर्जासोबत सहा महिन्यांचे प्रशिक्षण, ग्रामपंचायतीची एक खोली आणि पहिल्या वर्षाचे मानधन जिल्हा परिषदेने द्यावे. ऐपत असेल त्याच्याकडून किती आणि गरिबाकडून किती घ्यायचे, ते गाव ठरवेल.

"आशाताई आहेत की," असे अधिकारी सांगतात. हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका. गरोदर बाई, बाळंतीण, लसीकरण आणि वर नित्य नवे सर्वेक्षण. २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनवाढीसाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानात जाऊन बसावे लागले. कर्मचारी म्हणून दर्जा आजही नाही. आधी त्यांचे मानधन दर महिन्याला वेळेवर द्या, मगच त्यांच्याकडे बोट दाखवा.

— एक निवृत्त शिक्षक, परतूर (जि. जालना)