कांड्या भरणारीचा रकाना

नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे नाव निघाले की पैठणी आठवते, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील परिषदेत केलेली धर्मांतराची घोषणा आठवते. परंतु आमच्या समाजशास्त्राच्या दप्तरात या दोन गोष्टी दोन निराळ्या रुमालांत बांधलेल्या असून, जातीच्या अभ्यासकाला मागापाशी आणि कारागिरीच्या अभ्यासकाला जातीपाशी जाण्याचे प्रयोजन क्वचितच वाटते.

जात, वर्ग आणि स्त्रीत्व एकाच आयुष्यात एकमेकांना कसे छेदतात, हे तपासणाऱ्या आंतरछेदी संशोधनाला अमेरिकेतील विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली नाव दिले. त्याच वर्षी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी संकलित केल्या. आणि जातिसंस्था स्त्रीवरील बंधनांच्या आधारे टिकते, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. तेव्हा ही दृष्टी आयात केलेली आहे, हा आक्षेप मला पोकळ वाटतो.

खरी अडचण पद्धतीची आहे. मागावर बसलेल्याची नोंद ‘विणकर’ म्हणून होते. त्याच घरात रेशमाच्या कांड्या भरणारी, तुटलेला धागा सांधणारी स्त्री ‘घरकाम’ या रकान्यात जाऊन पडण्याचा धोका असतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील पस्तीस लाखांहून अधिक कामगारांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आढळल्या खऱ्या, पण त्यात ईशान्येकडील घरोघरच्या मागांचा वाटा मोठा असल्याने येवल्यातील मजुरी कोणाच्या हाती पडते, हे त्या आकड्यावरून उमगत नाही. बरे, जात, धर्म, स्त्री-पुरुष, माग स्वतःचा की मालकाचा, अशी विभागणी करीत गेले तर एकेका रकान्यात चार-दोन माणसे उरतात. त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष डळमळीत होतात, आणि नाव वगळले तरी गावाला माणूस ओळखू येतो. शिवाय मालकाच्या किंवा घरधन्याच्या देखत दिलेली जबानी ही बव्हंशी त्यांचीच जबानी असते, आणि विचारणाऱ्याचे आडनाव ऐकूनही उत्तर बदलते.

म्हणून नाशिक जिल्ह्यात विद्यार्थी पाठविणाऱ्या विद्यापीठीय विभागांना विनंती एवढीच, की प्रश्नावली छापण्यापूर्वी कांड्या भरणाऱ्या बाईशी एकांतात बोलावे, आणि रोख रक्कम कोणाच्या हातावर ठेवली जाते, याचा रकाना तिला विचारून आखावा.