कबाडी थर्माकोल का घेत नाही?

गेल्या दिवाळीत आमच्याकडे नवा फ्रिज आला. त्याचा खोका, पॉलिथिन आणि कोपऱ्यांना लावलेले थर्माकोल दोन महिने गॅलरीत पडून होते. शेवटी हातगाडीवाल्या कबाड्याला बोलावले. महाराष्ट्रात ज्याला भंगारवाला म्हणतात, तोच हा. त्याने पुठ्ठा तोलला, पॉलिथिन तोलले, पैसे दिले आणि थर्माकोल तसेच सोडून निघाला. विचारले तर म्हणाला, "बाबूजी, इसमें तो हवा है. हवा का क्या भाव दूँ?"

छत्तीस वर्षे बँकेत प्रकल्प अहवाल वाचण्यात गेली. इतके थोडक्यात आणि इतके अचूक मूल्यमापन क्वचितच वाचायला मिळाले.

त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. थर्माकोलच्या आकारमानात साधारण ९८ टक्के हवा असते आणि उरलेले दोन टक्के पॉलिस्टायरिन नावाचे प्लास्टिक. थर्माकोल हे मुळात बीएएसएफ कंपनीचे व्यापारी नाव, पण डालडासारखे ते वस्तूचेच नाव होऊन बसले. कारखान्यात कच्चा माल येतो तो साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या रूपात, आणि त्या दाण्यांत पेंटेन वायू मुरवलेला असतो. दाण्यांना वाफ दिली की प्लास्टिक मऊ होते, आतला वायू फुगतो आणि दाणा चाळीसेक पट मोठा होतो. आपल्याकडे धानाच्या लाह्या फुटतात तशीच ही क्रिया, तिथे आतल्या पाण्याची वाफ होते एवढाच फरक. फुगलेले दाणे साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात आणि फ्रिजच्या कोपऱ्याचा आकार तयार होतो.

लग्नाच्या पंगतीतली पांढरी चकचकीत पत्रावळ त्याच पॉलिस्टायरिनची, पण तिची रीत वेगळी. तिथे प्लास्टिक वितळवून त्यात दाबाखाली ब्यूटेनसारखा वायू सोडतात. फटीतून बाहेर पडताना दाब सुटतो आणि फेसाळ पत्रा तयार होतो. तो पत्रा गरम करून साच्यात दाबला की ताट किंवा वाटी निघते.

ही दुसरी रीत मला जवळून माहीत आहे. २०१३ च्या सुमारास वारासिवनीकडचा एक तरुण पीएमईजीपी योजनेत थर्माकोलच्या प्लेटी बनवण्याचे प्रकरण घेऊन आमच्या शाखेत आला होता. पत्र्याचे रोल बाहेरून येणार, इथे फक्त गरम करून दाबायचे. मागणीची चिंता नव्हती, कारण बालाघाट जिल्ह्यात लग्नाच्या मोसमात किती पंगती उठतात हे मला वेगळे सांगायला नको होते. योजनेची एक नकारात्मक यादी असे. तिच्यात पातळ पॉलिथिन पिशव्या होत्या, थर्माकोलचे नाव नव्हते. प्रकरण मीच मंजूर केले. त्याने हप्ते वेळेवर भरले आणि खाते बंद झाल्यावर पेढे आणून दिले.

त्यानंतर २०२१ च्या दिवाळीत तो पुन्हा पेढे घेऊन घरी आला. स्वतःच्या बचतीतून दुसरे यंत्र घेतले होते. तोवर मी निवृत्त झालो होतो. केंद्र सरकारची अधिसूचना निघाली होती १२ ऑगस्ट २०२१ ला. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी येणार होती. त्यात प्लेट, कप, ग्लास, चमचे, आइस्क्रीमच्या काड्या होत्या आणि सजावटीचे थर्माकोलही होते. त्या पोराने ती वाचली नव्हती आणि मीही नाही. मी पेढा खाल्ला आणि अभिनंदन केले. नऊ महिन्यांनी दोन्ही यंत्रे बंद झाली. पुढे त्यांचे लोखंड कबाड्याने तोलून नेले. लोखंडाला भाव आहे.

बंदी चुकीची होती असे मला म्हणायचे नाही. वैनगंगेच्या घाटावर लग्नसराईनंतर काय तरंगत असे, ते सगळ्यांनी पाहिले आहे. शिवाय महाराष्ट्राने हे पाऊल आधीच उचलले होते. तिथली अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, आणि दंडाची कारवाई २३ जूनपासून सुरू झाली. गणपतीच्या मखरांसाठी सूट मागायला थर्माकोलचे व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. त्या जुलैत न्यायालयाने ती नाकारली. म्हणजे चार वर्षे बाघ नदीच्या पलीकडे गोंदियात जी प्लेट बेकायदा होती, ती अलीकडे आपल्याकडे उघड विकली जात होती.

माझा प्रश्न वेगळा आहे. बंदीच्या यादीत प्लेट आहे, मखर आहे. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोल नाही. ते नसण्यालाही कारण आहे. इतके हलके, इतके स्वस्त आणि धक्का सोसणारे दुसरे काही सहज मिळत नाही. मग त्याचे पुढे काय होते? "थर्माकोल पुन्हा वापरता येते" असे उत्पादक सांगतात आणि त्यात खोटे काही नाही. पॉलिस्टायरिन वितळते आणि त्याच्या फोटोच्या फ्रेम बनतात. आपल्या भिंतीवरची लाकडासारखी दिसणारी चौकट कदाचित कधीकाळी एखाद्या टीव्हीची पेटी असेल. पण कारखान्यात पुन्हा वापरता येणे आणि बालाघाटहून त्या कारखान्यापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधला रस्ता वाहतूक खर्चाचा आहे.

हिशेब करून पाहू. चौदा फुटी ट्रकचा हौदा सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच भरला तर साधारण १४ घनमीटर जागा होते. थर्माकोलचे एक घनमीटर १५ ते २० किलो भरते. ठोकळा नीट बसवला तर ट्रकमध्ये २१० ते २८० किलो माल जाईल. पण भंगारातले तुकडे वेडेवाकडे असतात, निम्मी जागा पोकळ राहते. सव्वाशे किलो धरा. नागपूरपर्यंतचे भाडे समजा ८,००० रुपये. म्हणजे किलोमागे ६४ रुपये नुसते भाडे. कबाड्याचा नफा, गोळा करणाऱ्याची मजुरी, सगळे त्याच्या वर. आता तेच थर्माकोल इथेच यंत्राने दाबून घट्ट विटा केल्या तर घनमीटरला ३०० किलोच्या आसपास माल बसतो. त्याच ट्रकमध्ये ४ टन जाईल आणि भाडे पडेल किलोमागे २ रुपये.

६४ आणि २, सगळा प्रश्न या दोन आकड्यांत आहे. जपानमध्ये मासळीबाजारातच अशी यंत्रे बसवलेली असतात. मासे रिकामे झाले की पेट्या तिथेच वितळवून विटा करतात. त्यांचे थर्माकोल आपल्या थर्माकोलपेक्षा वेगळे नाही.

सरकारने उत्पादकांवर जबाबदारी टाकली नाही असे नाही. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार प्लास्टिकचे वेष्टण बाजारात आणणाऱ्या कंपनीने तेवढे प्लास्टिक परत गोळा करून प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दाखवायची आहेत. कडक प्लास्टिकच्या वेष्टणात २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित माल असावा आणि २०२८-२९ पर्यंत तो ६० टक्के व्हावा, असेही लिहिले आहे. योजना चांगली आहे. मात्र तिचा हिशेब टनांत होतो. प्रक्रिया करणाऱ्याने स्वतःला विचारावे: एक टन पाण्याच्या बाटल्या गोळा करणे सोपे, की सात-आठ ट्रक भरून एक टन थर्माकोल? कबाड्याचा काटा आणि कायद्याचा काटा दोघेही वजनच बघतात, आणि या वस्तूचा सगळा उपद्रव आकारमानात आहे. नाली तुंबते ती आकारमानाने.

वस्तूच वेगळ्या रीतीने बनवता येईल का, हा विचारही झालेला आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये नॅम सुह या प्राध्यापकांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकमध्ये अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करण्याची पद्धत शोधली. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात विपिन कुमार यांच्या प्रयोगशाळेत त्यावर बरेच काम झाले. त्यातून निघालेल्या मायक्रोग्रीन या कंपनीने पीईटीचा पत्रा, म्हणजे पाण्याच्या बाटलीचेच प्लास्टिक, कार्बन डायऑक्साइडमध्ये दाबाखाली ठेवला. वायू प्लास्टिकमध्ये मुरतो. मग उष्णता दिली की आत असंख्य बारीक बुडबुडे होतात आणि पत्रा जाड, हलका, हात न पोळणारा बनतो. त्याचे चहा-कॉफीचे कप निघाले आणि अलास्का एअरलाइन्सच्या विमानांत वापरले गेले. वायू उडून जातो. मागे उरते ती निव्वळ पीईटी, बाटलीच्या ढिगात जाऊ शकेल अशी.

बाटली आपला कबाडी आनंदाने घेतो, म्हणून या बातमीचे मला फार कौतुक वाटले. तरी बँकेची सवय सुटत नाही. हा पांढरा कप कबाड्याच्या हातात आला तर तो काय करील? दिसायला थर्माकोल, वजनाला हलका. तो नालीत टाकील. पारदर्शक बाटलीला जो भाव मिळतो तो पांढऱ्या मालाला मिळत नाही, हेही त्याला ठाऊक असते. आणि मायक्रोग्रीनचे पुढे काय झाले? तिथल्या एका मूळनिवासी जमातीनेही तिच्यात पैसा घातला होता. तरी २०१५ मध्ये कंपनी बंद पडली. उत्तम तंत्रज्ञान असलेली बंद खाती मीही पाहिली आहेत.

आपल्या प्लेटीची जागा इथे कशाने घेतली? बैहर-परसवाड्याकडच्या माहुलाच्या पानाने घेतली असती तर मला आनंद झाला असता. जंगलातून पाने आणून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचणाऱ्या बायकांचा धंदा थर्माकोलनेच मारला होता. बंदीनंतर तो थोडा उठला, पण पंगतीत जास्त दिसतात ते चंदेरी कागदाचे दोने. कागदावर प्लास्टिकचा पातळ थर, त्यामुळे रद्दीवाला घेत नाही आणि माती खात नाही. वारासिवनीचा तो तरुण आता हेच दोने बनवतो. परवा विचारत होता, यावर बंदी येईल का. या वेळी मी पेढा न खाता त्याला दोन गोष्टी सांगितल्या: नवे यंत्र घेऊ नको, आणि जुन्या यंत्राच्या गरम साच्यात टाचलेली पाने दाबून पाहा. पाने दाबली जातात, त्याने करून दाखवले. अडचण पुरवठ्याची आहे. मे महिन्यात हजार पत्रावळींची मागणी आली तर तेवढी पाने वेळेवर कुठून आणायची, हे त्याला अजून सुटलेले नाही.

आता आपल्या घरचे. मंडळाच्या माळ्यावर जुन्या गणेशोत्सवांची मखरे आहेत, थर्माकोलचा शनिवारवाडा त्यातच. मागच्या रविवारी आम्ही तिघांनी ते सगळे खाली काढले. अर्धी खोली भरली आणि काट्यावर वजन झाले साडेसहा किलो. जाळणे हा उपाय नाही. तो काळा धूर फुफ्फुसात जातो. फ्रिज-टीव्हीच्या दोन दुकानदारांशी बोललो. त्यांचा माल नागपूरहून येतो आणि गाड्या बहुतेक वेळा रिकाम्या परत जातात. गिऱ्हाइकाने पेटीतले थर्माकोल दुकानात आणून दिले तर ते परतीच्या गाडीत टाकायला एक जण तयार आहे. मग भाडे ६४ चे जवळपास शून्य होते. नागपुरात ते उतरवून घेणारा पक्का माणूस मिळायचा आहे. तिकडच्या सभासदांपैकी कोणाची या धंद्यात ओळख असेल तर कार्यकारिणीला कळवावे. शनिवारवाडा तोवर माझ्या गॅलरीत, फ्रिजच्या कोपऱ्यांच्या शेजारी ठेवला आहे.