आरक्षण फिरले, बाईने घरी का बसायचे?

डिसेंबर २०२५ मध्ये डहाणू नगरपरिषदेची निवडणूक झाली. २०१७ साली थेट निवडून आलेले नगराध्यक्ष भरत राजपूत पुन्हा त्याच पदासाठी उभे होते. लढत अटीतटीची होती. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी प्रचारात रावण आणि लंका काढली, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी रामाचा दाखला देऊन त्याला उत्तर दिले. निकाल राजपूत यांच्या विरोधात गेला. कोणता पक्ष चांगला नि कोणता वाईट, हे सांगायला मी हे लिहीत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की एवढ्या धामधुमीत एक प्रश्न त्यांना कुणीच विचारला नाही: ‘एकदा झालं ना? आता पुन्हा कशाला?’

पुरुषाने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मत मागितले तर त्याला अनुभवी म्हणतात. मतदार त्याला निवडतात किंवा पाडतात. त्याने मागितले, लोकांनी उत्तर दिले. लोकशाही ती हीच.

आता याच तालुक्यात शहराबाहेर या. गेली अनेक वर्षे मी डहाणू आणि तलासरीच्या गावांमधून बचत गटांच्या आणि ग्रामसभांच्या कामासाठी फिरते. धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या बैठकीत बसते, तशी डोंगराकडच्या पाड्यांवर वारली बायकांच्या बैठकीतही बसते. या गावांत पाच वर्षे सरपंचपद सांभाळलेल्या बाईला कार्यकाळ संपताना एकच वाक्य ऐकू येते. ‘आता बाईचं आरक्षण गेलं. आता तुमचं काय काम?’ तिला मत मागण्याचीही मुभा नाही. तिचा पराभव मतपेटीत होतच नाही, तो ओसरीवरच उरकून टाकला जातो.

एका वारली सरपंच बाईचे उदाहरण सांगते. गावाचे नाव लिहीत नाही. पहिले वर्ष तिचे सह्या करण्यात गेले. ग्रामसेवक कागद पुढे करी, नवरा बोट ठेवी, ती सही करी. दुसऱ्या वर्षी तिने विचारले, हा कागद कसला? तिसऱ्या वर्षी तिने पेसाच्या अबंध निधीचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवायला लावला. चौथ्या वर्षी तिच्या पाड्यावर नळाचे पाणी आले आणि बायकांची दोन तासांची पायपीट थांबली. पाचव्या वर्षी तिला तालुक्याच्या कार्यालयात कोणत्या टेबलावर कोणती फाईल अडते हे पाठ झाले होते. आणि नेमकी त्याच वर्षी सोडत निघाली. पुढचे पद स्त्रीसाठी राखीव नव्हते. ती म्हणाली, ‘ताई, मला उभं राहायचंय.’ घरचे हसले, गावचे चिडले. ज्या पुढाऱ्याने पाच वर्षांपूर्वी तिच्या दारात येऊन तिला अर्ज भरायला लावला होता, तोच आता म्हणाला, ‘ही जागा पुरुषांची आहे.’

ही जागा पुरुषांची आहे, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

मैत्रिणींनो, हा कायदा आपण नीट समजून घेऊ या, कारण सगळी फसवणूक इथेच होते. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यामुळे इथे सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच राखीव असते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, म्हणून त्यातली निम्मी पदे आदिवासी स्त्रियांना जातात. तहसीलदारांसमोर सोडत निघते. काही गावांपुढे ‘अनुसूचित जमाती स्त्री’ असे लिहिले जाते आणि काही गावांपुढे ‘अनुसूचित जमाती, सर्वसाधारण’. हा ‘सर्वसाधारण’ शब्द गावात पोचेपर्यंत ‘पुरुष’ होतो. कायद्यात पुरुषांसाठी राखीव अशी एकही जागा नाही. सर्वसाधारण म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांसाठी. स्त्रियांसाठी राखून ठेवलेला निम्मा वाटा हा आपला किमान वाटा आहे. त्याच्यावर आपण जाऊच नये, अशी मर्यादा कुणी घातलेली नाही.

तरीही ती मर्यादा घातल्यासारखेच सगळे वागतात. पक्ष वागतात, गावकी वागते, पुष्कळदा अधिकारीही तसेच बोलतात. एका कार्यालयात मी या बाईबरोबर अर्जाची चौकशी करायला गेले होते. तिथल्या कारकुनाने तिच्याकडे न बघता मला सांगितले, ‘मॅडम, यावेळी लेडीज नाही.’ तो खोटे बोलत होता असे नाही. त्याला खरोखरच तसे वाटत होते. तेहतीस वर्षांत आपण कायद्यात जागा मिळवली, पण लोकांच्या डोक्यात नाही.

७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली. तिने राखीव पदे आळीपाळीने फिरवायची तरतूद केली. हेतू चांगला होता: प्रत्येक गावाला कधी ना कधी बाई सरपंच मिळावी. पण महाराष्ट्रात दर निवडणुकीला चक्र फिरते आणि परिणाम उलटा होतो. काम शिकलेली बाई बाहेर, नवी बाई आत, पुन्हा पहिल्या वर्षाच्या सह्या. ज्यांना सही करणारा हात हवा असतो, त्यांना याहून सोयीचे काय असणार? तामिळनाडूने हेच चक्र दोन कार्यकाळांनंतर फिरवण्याचा नियम केला. तिथे काही आभाळ कोसळले नाही.

आणि दिल्लीत काय झाले तेही पाहा. २०२३ साली संसदेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली. त्यात राखीव मतदारसंघ फिरणार ते प्रत्येक पुनर्रचनेनंतर, दर निवडणुकीला नव्हे. म्हणजे खासदार बाईला पुन्हा उभे राहण्याची, मतदारसंघ बांधण्याची संधी हवी, हे दिल्लीला कळते. मग आमच्या पाड्यावरच्या सरपंच बाईलाच ती का नको? तिला शिकायला वेळ कमी लागतो म्हणून, की तिने शिकूच नये म्हणून?

‘आरक्षण नसेल तर बाईला कोण मत देणार?’ हा दुसरा युक्तिवाद. याचे उत्तर मुंबईनेच दिले आहे. मुंबई महापालिकेत १९९७ साली स्त्रियांसाठी राखीव असलेले अनेक प्रभाग २००२ मध्ये खुले झाले. रिखिल भवनानी या अभ्यासकाने त्या प्रभागांची तुलना आधी राखीव नसलेल्या खुल्या प्रभागांशी केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, आधी राखीव असलेल्या प्रभागात आरक्षण उठल्यावरही बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. एकदा बाईचे काम पाहिले की मतदार तिला पुन्हा निवडायला तयार असतात आणि बायकाही उभे राहायला तयार होतात. प्रश्न लोकांचा कमी आणि उमेदवारी वाटणाऱ्यांचा जास्त आहे.

बाईच्या कामाने फरक पडतो का, हेही आता सिद्ध करायचे राहिलेले नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली दाखवले की, दोन्हीकडे स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केले. पाण्याचा हंडा ज्यांच्या डोक्यावर, त्यांना हे सांगायला अभ्यासकाची गरज नव्हती. पण कागद मागणाऱ्यांच्या तोंडावर ठेवायला हा कागद उपयोगी पडतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळते. दुसऱ्या कार्यकाळाचा प्रश्न एखाद्या बाईच्या हौसेचा नाही, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. वाढवण बंदराचा इतिहास आठवा. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील याच प्राधिकरणाने बंदर नाकारले. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली.

हिशोब करा. नकारापासून पायाभरणीपर्यंत सव्वीस वर्षे. इतका काळ बंदराच्या बाजूची माणसे तीच फाईल पुढे नेत राहिली. अधिकारी बदलले तरी फाईल बदलली नाही, सगळी नोंद कार्यालयात राहिली. आणि गावाची बाजू मांडणारी बाई? तिला पाच वर्षे. जनसुनावणी म्हणजे काय, ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा, हरकत कोणत्या मुदतीत द्यायची, हे तिला कळेपर्यंत ती माजी झालेली असते. समोरचा पक्ष पंचवीस वर्षे टिकतो आणि आपला माणूस पाच वर्षांत उठतो, ही लढाई बरोबरीची कशी होणार?

धाकटी डहाणूच्या बायका समुद्राचे गणित घरात बसून करत नाहीत. मासळी उतरली की लिलाव, विक्री, सुकवणे, उधारी, सगळे त्यांच्या हातात. नावेचे डिझेल किती, खलाशांचा वाटा किती, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांतल्या आदिवासी नसलेल्या बायकांना इथे सरपंच होता येत नाही, पण सदस्यपद आहे, उपसरपंचपद आहे. तिथेही तोच न्याय लागतो. प्रभाग राखीव असेल तर ‘ये बाई’, नसेल तर ‘जा बाई’. बाजारात घासाघीस करून पै न् पै वसूल करणाऱ्या बाईला पंचायतीचा हिशोब कळणार नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा तिच्याकडून पापलेट विकत घेऊन पाहावे.

काही जणी म्हणतील, एकाच बाईने दोन-दोन वेळा पद अडवले तर दुसऱ्या बायकांना संधी कधी? प्रश्न रास्त आहे. पण पद सोडल्यावर ते कुणाला मिळते ते पाहा. सर्वसाधारण झालेली जागा दुसऱ्या बाईला जात नाही, ती सरळ पुरुषाकडे जाते. ‘इतर बायकांना संधी’ हे वाक्य पुढारी तोंडात ठेवतात आणि उमेदवारी पुतण्याला देतात.

दुसरा आक्षेप नवऱ्यांचा. ‘कारभार नवराच करतो, मग तीच काय आणि तो काय?’ सरपंचपती हा रोग खरा आहे, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण त्यावर औषध काय? नवऱ्याची पकड सैल व्हायला वेळ लागतो. वर सांगितलेल्या बाईला दोन वर्षे लागली. पाच वर्षांनी तिला घरी पाठवले की पकड पुन्हा घट्ट. रोग्याला अर्ध्या औषधावर उठवायचे आणि मग औषध लागू पडत नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

आणि प्रत्येक बाईला डोळे मिटून पुन्हा निवडून द्या, असे मी मुळीच म्हणत नाही. बाई असली म्हणून ठेकेदाराशी संगनमत माफ होत नाही. जिने ग्रामसभा घेतली नाही, महिला सभेला कुलूप लावले, तिला पाडायलाच हवे. पण ते लोकांनी, मतदानाने, तिचा हिशोब तपासून. सोडतीच्या चिठ्ठीने नव्हे. चिठ्ठीला चांगला कारभार नि वाईट कारभार यांतला फरक कळत नाही. पुन्हा निवडून यायचेच नसेल तर सरपंचाने लोकांना हिशोब तरी कशासाठी द्यावा? दुसऱ्या कार्यकाळाची आशा हाच पहिल्या कार्यकाळावरचा लोकांचा लगाम असतो.

अडथळे आणखीही आहेत. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मूल किती व्हावे हे ठरवण्याचा अधिकार घरात जिला नाही, त्या बाईला शिक्षा मात्र पहिली. पहिल्या कार्यकाळात बाळंत झालेली तरुण सरपंच दुसऱ्या वेळी या कलमाखाली बाद होते. हे कलम गेलेच पाहिजे.

शेवटी आपल्या संघटनांविषयी. बाई निवडून आली की प्रशिक्षणांची रांग लागते. शिबिर, बॅनर, सत्कार, फोटो. चौथ्या वर्षी तिला कुणी बोलवत नाही. खरी गरज तेव्हा असते. म्हणून मी संघटनांपुढे चार कामे ठेवते. सोडत निघाली की दुसऱ्याच दिवशी गावात जाऊन ‘सर्वसाधारण म्हणजे पुरुष नव्हे’ हे पत्रक वाटायचे. कार्यकाळ संपणाऱ्या प्रत्येक सरपंच बाईला विचारायचे, तुला पुन्हा उभे राहायचे आहे का. आणि तिचे पाच वर्षांचे काम महिला सभेत उघडपणे तपासून मगच पाठिंबा द्यायचा. आरक्षणाचे चक्र दोन कार्यकाळांनी फिरावे यासाठी सरकारकडे मागणी लावून धरायची. आणि निवडणूक खर्चासाठी बचत गटांनी नव्हे, तर संघटनांनी वर्गणी काढायची, कारण बायकांच्या बचतीवर पुढाऱ्यांचा डोळा आधीच आहे.

१९४५ साली तलासरीतल्या झरी गावी वारली शेतकऱ्यांनी वेठबिगारीला नकार दिला. गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होत्या. त्या काळच्या जमीनदारांनाही वाटत असे की जमीन आणि माणसे कायमची त्यांचीच आहेत, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाहीत. आज ‘ही जागा पुरुषांची’ म्हणणाऱ्यांचा सूर तोच आहे. तो ऐकून घेण्याचे दिवस संपले आहेत. पुढच्या सोडतीत तुमच्या गावापुढे ‘सर्वसाधारण’ असे लिहिले असेल, तर तो शब्द मोठ्याने वाचा, आणि अर्ज भरा.