सांधेदुखीची गोळी

गेल्या वैशाखांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मुंज होती. घरांतील वृद्ध काकूंचे गुडघे कित्येक वर्षांपासून दुखत. परंतु घरचें कार्य म्हटल्यावर त्या स्वस्थ कशा बसणार? पुतण्याच्या कंबरदुखीसाठीं आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या फडताळांत शिल्लक होत्या. त्यांतील एक सकाळीं व एक रात्रीं, असा क्रम काकूंनीं सुरू केला. गुण तत्काळ आला. गोळ्या संपल्या तेव्हां कोपऱ्यावरच्या दुकानांतून आणखी दोन पट्ट्या आणविल्या. तीन आठवडे सुखाचे गेले; आणि एके दिवशीं पहाटें न्हाणीघरांत त्यांस घेरी आली. दोन दिवसांपासून शौचास डांबरासारखें काळें होत होतें. पण संकोचामुळें तें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. रुग्णालयांत नेल्यावर जठरांतील व्रणांतून रक्त जात असल्याचें आढळलें. रक्त द्यावें लागलें; सुदैवानें त्या वांचल्या.

पुढें त्या घरच्या मंडळींनीं आम्हांस विचारलें, “काकूंनीं एकही गोळी उपाशीं पोटीं घेतली नाहीं, त्यांचें पोट एक दिवसही दुखलें नाहीं, मग हें झालें कसें?” प्रश्न मार्मिक आहे. तो पुष्कळ घरांत उपयोगीं पडण्यासारखा असल्यामुळें ह्या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच नमूद करून ठेविलीं आहेत. त्यांवरील औषधही जुनेंच. विलो वृक्षाच्या सालीचें चूर्ण तापावर गुणकारी असल्याचें एडवर्ड स्टोन ह्या इंग्रज पाद्र्यानें १७६३ सालीं रॉयल सोसायटीस कळविलें. आणि १८९७ सालीं जर्मनींत फेलिक्स हॉफमन ह्यानें त्याच कुळांतील अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपांत तयार केलें. जगानें ही गोळी मणांनीं खाल्ली. परंतु ती शरीरांत नेमकें काय करते, हें कळण्यास मात्र १९७१ साल उजाडावें लागलें. तें कोडें जॉन व्हेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें सोडविलें, व १९८२ सालीं बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन ह्या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याचा शोध थोडक्यांत असा. इजा झाली कीं पेशींच्या आवरणांतील एक स्निग्ध अम्ल सुटें होतें. सायक्लोऑक्सिजनेज नांवाचें विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करण्याच्या कामीं येतें. ह्या द्रव्यांमुळें रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते आणि मज्जातंतू इतके हळवे होतात कीं साध्या हालचालीनेंही कळ उठावी. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ह्या सर्व गोळ्या त्या विकराचें काम बंद पाडतात. द्रव्य तयार होत नाहीं, म्हणून सूज उतरते व ठणका थांबतो.

येथवर सर्व ठीक. परंतु ज्या गड्याच्या आरडाओरड्यानें झोपमोड होते म्हणून आपण त्यास घालवून द्यावें, तोच रात्रीं कोठाराचा पहारा करीत होता असें मागाहून कळावें, तशी येथें गत होते. जठरांतील तीव्र अम्लापासून जठराच्या भिंतीचें रक्षण करणारा बुळबुळीत लेप ह्याच द्रव्यांच्या आज्ञेनें तयार होतो. गोळीनें पहारेकरी हटला कीं अम्ल भिंतीस खाऊं लागतें. आतां काकूंच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. गोळीचा हा परिणाम मुख्यतः रक्तावाटे होतो. जेवणानंतर घेतल्यानें पोटांतील मळमळ कमी वाटेल, पण पहारा परत येत नाहीं. तेंच औषध सुईनें टोंचून घेतलें तरी हा धोका टळत नाहीं. शिवाय असे व्रण पुष्कळदां मुळींच दुखत नाहींत. काळा शौच किंवा घेरी हेंच त्यांचें पहिलें लक्षण असतें. काकूंच्या बाबतींत आणखी एक गोष्ट मागाहून उघड झाली. हृदयासाठीं डॉक्टरांनीं लावून दिलेली अ‍ॅस्पिरिनची लहान गोळीही त्या घेतच होत्या. ती रक्त गोठूं देत नाहीं. दोन्ही गोळ्या एकत्र आल्या आणि धोका दुणावला.

मूत्रपिंडाचीही कथा अशीच आहे. उलट्या-जुलाबांनीं शरीर कोरडें पडलें किंवा हृदय दुर्बळ झालें, म्हणजे मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह हींच द्रव्यें राखून धरतात. म्हणून वृद्धांनीं, रक्तदाबासाठीं लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीं व मधुमेह्यांनीं ह्या बाबतींत विशेष सावध असावें. ह्या औषधाचा प्रताप आपल्या देशानें आकाशांत पाहिला आहे. १९९० नंतरच्या दशकांत गिधाडें झपाट्यानें नाहींशीं होऊं लागलीं. मुंबईंतील पारशी बांधवांच्या दोखम्यांवरही तीं दिसेनाशीं झालीं. २००४ सालीं कारण सांपडलें. गुरांस दिलेलें डायक्लोफेनॅक मृत जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई, मूत्रपिंडें निकामी होत, व आंतील इंद्रियांवर युरिक अम्लाचा पांढरा थर सांचून पक्षी मरत. २००६ सालीं भारतांत जनावरांसाठीं त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका हळवा नाहीं हें खरें. परंतु इंद्रिय तेंच आणि औषधही तेंच आहे.

पोटास न दुखविणारी गोळी काढावी म्हणून शास्त्रज्ञांनीं खटपट केली नाहीं असें नाहीं. विकराचे दोन प्रकार आहेत, एक मुख्यत्वें पोटाचें रक्षण करणारा व दुसरा सूज आणणारा, असें कळल्यावर केवळ दुसऱ्यास रोखणाऱ्या गोळ्या निघाल्या. त्यांपैकीं रोफेकॉक्सिब १९९९ सालीं मोठ्या गाजावाजानें बाजारांत आली. आणि हृदयविकाराचे झटके वाढतात असें दिसून आल्यामुळें २००४ सालीं उत्पादकांनीं ती जगभरांतून परत घेतली. एका दारानें घालविलेलें संकट दुसऱ्या दारानें आंत आलें. हृदयाचा हा धोका जुन्या गोळ्यांतही कमीअधिक प्रमाणांत आहे.

दुसरी गोष्ट रोग ओळखण्याची. झिजेनें दुखणारा गुडघा निराळा, आणि शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतें तो आमवात निराळा. सकाळीं उठल्यावर हातांचीं बोटें तासभर आखडत असतील व सांधे सुजत असतील, तर वेदनाशामकावर महिने काढणें म्हणजे घरास आग लागली असतां केवळ घंटेचा आवाज बंद करणें होय. आंत सांधा जळतच राहतो. तेथें मेथोट्रेक्सेटसारखें मूळ रोगास आवरणारें औषध लागतें. त्याचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, व मधून मधून रक्ताची तपासणी करावी लागते. आणि हें विसरूं नये कीं आमवातांत ही गोळी आठवड्यांतून एकाच दिवशीं घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यानें तोंडांत फोड येऊन, रक्त तयार होण्याचें थांबून रोगी दगावल्याचीं उदाहरणें आहेत. वार ठरवावा व तो पट्टीवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

बिनानांवाच्या चमत्कारिक पुड्यांविषयींही एक शब्द. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच ह्यांनीं आमवाताच्या रोग्यास कॉर्टिसोन दिलें, आणि अंथरुणास खिळलेली बाई कांहीं दिवसांत चालूं लागली. त्या कुळांतील स्टेरॉइड औषधें आजही योग्य हातीं अमृतासारखीं आहेत. पण दीर्घकाळ घेतल्यास तीं हाडें ठिसूळ करतात, साखर वाढवितात, आणि एकाएकीं थांबविल्यास जीवावर बेततें. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या पुडींत हींच चोरून मिसळलेलीं अनेकदां आढळलीं आहेत.

मग दुखणें मुकाट्यानें सोसावें काय? मुळींच नाहीं. ठणका हा खरा शत्रू आहे, व ह्या गोळ्यांनीं असंख्य माणसांस उठून बसविलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें, शक्य तितकी लहान व थोडे दिवस घ्यावी. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यांस दाखवावी. पूर्वीं व्रण झाला असल्यास तें आधीं सांगावें, म्हणजे अम्ल कमी करणारी गोळी ते जोडीस देतील. गर्भवतीनें, विशेषतः पांचव्या महिन्यानंतर, विचारल्यावांचून घेऊं नये. लहान मुलांस तापांत अ‍ॅस्पिरिन देऊं नये. आणि पावसाळ्यांतील ताप डेंग्यूचा असण्याची शंका असतां तर ह्या गोळ्यांस हातच लावूं नये. एका गुडघ्याचेंच दुखणें असेल तर वरून लावावयाचा लेप पुष्कळदां पुरतो. त्याचा फारच थोडा अंश रक्तांत जातो.

काकू आतां बऱ्या आहेत. मांड्यांचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम त्या रोज करतात, गुडघ्यांस लेप लावतात, आणि फडताळांतील शिल्लक गोळ्या त्यांनीं स्वतःच्या हातानें काढून टाकविल्या. आमच्या वाचकभगिनींनींही आज सवड काढून घरांतील औषधांचा डबा एकदां उघडून पाहावा, आणि वडीलधाऱ्यांपाशीं बसून, संकोच न धरतां, त्या कोणती गोळी कोणाच्या नांवची घेतात हें विचारावें. काकूंस हें कोणी तीन आठवडे आधीं विचारलें असतें, तर रक्त देण्याची वेळ आली नसती.